सामायिक साठवणीची आपोआप जोडणी

प्राथमिक शाळेच्या दप्तरात ज्या वह्या असतात त्यांत दाखल-खारीज रजिस्टर ही सर्वांत वडीलधारी वही होय. हजेरीपत्रके बदलतात, पोषण आहाराच्या नोंदवह्या बदलतात, मूल्यमापनाचे तक्ते तर दर काही वर्षांनी नवे येतात. परंतु दाखल-खारीजमधील एक ओळ माणसाला जन्मभर पुरते. जन्मतारीख, जात, जन्मगाव, शाळेत आल्याचा व शाळा सोडल्याचा दिवस या नोंदींवर पुढील कित्येक दाखले उभे राहतात. सप्टेंबर २०२३ मध्ये राज्य शासनाने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. कुणबी नोंदींचा शोध प्रथम मराठवाड्यापुरता आणि नंतर राज्यभर सुरू झाला, तेव्हा महसुली कागदांबरोबर शाळांच्या जुन्या नोंदवह्याही उघडाव्या लागल्या. ज्या पानांकडे कित्येक वर्षे कोणी पाहिलेही नव्हते त्यांचे मोल एका रात्रीत वाढले. अशा वेळी पान वाळवीने खाल्लेले निघावे आणि समोर उभ्या असलेल्या पालकास 'नोंद वाचता येत नाही' असे सांगावे लागावे, याहून अधिक संकोचाचा प्रसंग मुख्याध्यापकावर क्वचितच येत असेल.

म्हणून जुन्या रजिस्टरांचे पानन् पान स्कॅन करून ठेवण्याचे काम अनेक शाळांनी हाती घेतले आहे, हे योग्यच होय. पण स्कॅन केलेली पाने ठेवावयाची कोठे? कार्यालयातील एकाच संगणकात ठेवली तर कागदी वहीच्या जागी दुसरी एक नाशवंत वस्तू आली, इतकेच. पेनड्राइव्ह हरवतो; तो कोणाच्या खिशात गेला हेही कोणास आठवत नाही. यावर एक चांगला उपाय म्हणजे जाळ्यावरील सामायिक साठवण. एका लहानशा पेटीत एक किंवा दोन हार्ड डिस्क असतात, ती पेटी शाळेच्या राउटरला तारेने जोडलेली असते आणि शाळेतील सर्व संगणक त्याच पेटीत कागद ठेवतात व तेथूनच काढतात. सर्व वर्गांसाठी मिळून एक मोठे कपाट असावे, तशी ही सोय आहे. ज्या केंद्रशाळांनी अशी पेटी घेतली आहे किंवा घेण्याच्या विचारात आहेत, त्यांच्यासाठी हा पाठ लिहिला आहे. हे कपाट सर्वसाधारणपणे त्याच शाळेच्या जाळ्यापुरते असते, हे ध्यानात असावे. केंद्रातील इतर गावांच्या शाळांनी आपली स्कॅन केलेली पाने केंद्रशाळेत आणून द्यावयाची आहेत.

संगणकावर लिनक्स ही कार्यप्रणाली आहे असे येथे गृहीत धरले आहे. त्यास कारण आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या प्रणालीचे नियमित साहाय्य थांबले, आणि शाळांतील बऱ्याच जुन्या यंत्रांवर तिची पुढील आवृत्ती बसत नाही. अशी यंत्रे भंगारात काढण्याऐवजी त्यांवर लिनक्स मिंट, उबुंटू किंवा सी-डॅक या आपल्या शासकीय संस्थेने तयार केलेली 'बॉस' प्रणाली घालता येते. तिला परवान्याचे मूल्य पडत नाही. केरळ राज्याने आपल्या शाळांत हाच मार्ग धरला आणि तो कित्येक वर्षे निष्ठेने चालविला आहे. आपल्याकडेही हे अगदी अपरिचित नाही. २००७ साली कर्जतजवळील खैरात या लहान गावाच्या जिल्हा परिषद शाळेत मुलांच्या हाती जे छोटे हिरवे-पांढरे संगणक आले, ते लिनक्सवरच चालत. त्या योजनेच्या मूळ आखणीत एक गोष्ट मोठी विचारपूर्वक घातली होती. मुलाने दिवसभरात केलेल्या कामाची प्रत त्याच्या संगणकाने शाळेतील मुख्य यंत्रावर आपण होऊन ठेवावी, मुलाला त्यासाठी काही करावे लागू नये, अशी ती कल्पना होती. जे काम रोज आठवणीने करावे लागते ते परीक्षेच्या गर्दीत पहिल्यांदा राहून जाते, हे शिक्षकास वेगळे सांगावयास नको.

आता मूळ विषयाकडे वळू. विंडोजची सवय असलेल्या शिक्षकास लिनक्समध्ये प्रथम एक गोष्ट चमत्कारिक वाटते. येथे सी, डी, ई असे वेगवेगळे कप्पे नसतात. संपूर्ण संगणकात एकच झाड असते. त्याचे मूळ एका तिरक्या रेघेने दाखवितात आणि सर्व फोल्डर त्याच मुळापासून फुटलेल्या फांद्या असतात. बाहेरून एखादी डिस्क किंवा सामायिक पेटी आणली तर तिचे कलम याच झाडाच्या एखाद्या फांदीवर बांधावे लागते. यास माउंट करणे म्हणतात. आपण त्यास 'जोडणी' म्हणू. ज्या फांदीवर कलम बांधावयाचे ती म्हणजे आधी तयार केलेला एक रिकामा फोल्डर असतो. जोडणी झाली की त्या रिकाम्या फोल्डरात पेटीतील सर्व कागद दिसू लागतात. जोडणी सुटली की तो पुन्हा रिकामा दिसतो. ही एवढी गोष्ट नीट समजली तर पुढील सर्व सोपे आहे. आणि ही समजली नाही म्हणून जो घोटाळा होतो तो पुढे सांगणार आहे.

पेटी आणि संगणक एकमेकांशी बोलतात तेव्हा त्यांना एक ठराविक भाषा लागते. अशा दोन भाषा प्रचलित आहेत. पहिली एनएफएस. ती सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने १९८४ साली आणली आणि युनिक्स व लिनक्सच्या घराण्यात ती रुळलेली आहे. दुसरी एसएमबी. हिचा उगम आयबीएममध्ये झाला व पुढे मायक्रोसॉफ्टने ती वाढविली. १९९१ साली ऑस्ट्रेलियात अँड्र्यू ट्रिजेल या विद्यार्थ्याने जाळ्यावरून जाणारे संदेश निरखून त्यांची रीत हुडकण्याचे काम आरंभिले, आणि त्यातून जो कार्यक्रम वाढला तो 'सांबा' या नावाने प्रसिद्ध आहे. एस, एम आणि बी ही अक्षरे क्रमाने येतील असा शब्द शब्दसूचीत धुंडाळला असता हा शब्द सापडला, अशी त्या नावाची हकीकत आहे. शाळेत एखादा तरी संगणक विंडोजवर राहणार, हे लक्षात घेता आपल्याला एसएमबी अधिक सोयीची. तथापि तिची पहिली आवृत्ती कदापि वापरू नये. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' नावाच्या खंडणीखोर विषाणूने जगभर हजारो यंत्रे बंद पाडली, तो याच जुन्या आवृत्तीतील छिद्रातून शिरत असे. पेटीच्या मांडणीत तिसरी आवृत्ती निवडावी.

जोडणीचे दोन मार्ग आहेत. सोपा मार्ग असा, की फाइल व्यवस्थापक उघडून पत्त्याच्या जागी पेटीचा पत्ता लिहावा, नाव व परवलीचा शब्द द्यावा, 'कायम लक्षात ठेवा' यावर खूण करावी आणि दिसणाऱ्या फोल्डरास बाजूच्या यादीत बांधून ठेवावे. पुढील वेळी त्या नावावर एकदा टिचकी मारली की जोडणी होते. वर्गातील एकट्या शिक्षकाच्या संगणकास हे पुरे आहे. परंतु यात दोन उणिवा आहेत. ही जोडणी त्या वापरकर्त्याच्या बैठकीपुरतीच राहते, आणि स्कॅनरचे काही कार्यक्रम तिच्यापर्यंत पोहोचू शकत नाहीत. दुसरे असे की, बऱ्याच शाळांत संगणक परवलीचा शब्द न विचारता थेट उघडेल असे करून ठेवलेले असते. अशा वेळी जतन केलेले शब्द ज्या कुलूपबंद पेटाऱ्यात असतात त्याचे कुलूप उघडलेलेच नसते. मग 'कायम लक्षात ठेवा' असे सांगूनही यंत्र रोज शब्द मागते आणि यंत्र बिघडले असा समज होतो. यंत्र बिघडलेले नसते.

कार्यालयाच्या संगणकासाठी दुसरा मार्गच योग्य. लिनक्समध्ये 'ईटीसी' नावाच्या फोल्डरात 'एफएसटॅब' नावाची एक साधी मजकूर-फाइल असते. संगणक सुरू होताना कोणकोणत्या गोष्टी कोठे जोडावयाच्या याचे ते हजेरीपत्रक होय. प्रत्येक ओळ म्हणजे एक जोडणी, आणि प्रत्येक ओळीत सहा रकाने. पहिल्या रकान्यात काय जोडावयाचे, म्हणजे पेटीचा पत्ता व सामायिक फोल्डराचे नाव. दुसऱ्यात कोठे जोडावयाचे, म्हणजे आपला रिकामा फोल्डर. तिसऱ्यात भाषा, एसएमबीसाठी येथे 'सीआयएफएस' असे जुने नाव लिहावे लागते. चौथ्यात अटी. पाचव्यात व सहाव्यात शून्य. रकान्यांच्या मध्ये मोकळी जागा सोडतात, आणि म्हणूनच सामायिक फोल्डराच्या नावात मोकळी जागा असू नये, नाही तर यंत्र तेथेच रकाना संपला असे समजते. हे सर्व शब्द संगणकात रोमन लिपीत लिहावयाचे आहेत. येथे केवळ उच्चार दिले आहेत. या फाइलीस हात लावण्यापूर्वी तिची एक प्रत काढून ठेवावी, आणि 'सीआयएफएस-यूटिल्स' हा पूरक कार्यक्रम यंत्रात आहे की नाही ते पाहावे. तो नसल्यास ओळ बिनचूक असूनही जोडणी होत नाही.

पत्त्याविषयी एक गोष्ट. राउटर प्रत्येक यंत्रास अंकांचा एक पत्ता देतो, आणि वीज गेली-आली की तो बदलूही शकतो. ज्याचे घर रोज बदलते त्याच्या नावे टपाल कसे पोहोचावे? म्हणून राउटरच्या मांडणीत पेटीसाठी एक पत्ता राखून ठेवावा आणि तो पेटीवर कागद चिकटवून लिहावा.

चौथा रकाना हा या विषयाचा गाभा आहे. त्यातील पहिली अट परवलीची. नाव व शब्द याच ओळीत लिहिता येतात, पण तसे करू नये. कारण ही फाइल त्या संगणकावर बसणारा कोणीही वाचू शकतो, आणि आपल्या संगणकावर पाचवीची मुलेही बसतात. त्याऐवजी नाव व शब्द एका वेगळ्या फाइलीत लिहावेत, ती फाइल केवळ प्रमुख वापरकर्त्यास, म्हणजे 'रूट'ला, वाचता येईल अशी करावी आणि अटींत 'क्रेडेन्शियल्स' या शब्दापुढे तिचा ठावठिकाणा द्यावा. दाखल-खारीजमध्ये जात व जन्मतारीख असते, विद्यार्थ्यांच्या इतर कागदांत आधार क्रमांक असतो. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी संसदेने २०२३ साली अधिनियम केला आहे. पाहुण्यासही उघडेल अशी बिनशब्दाची पेटी ठेवणे म्हणजे कपाटाची किल्ली कपाटालाच टांगून जाणे होय.

दुसरी अट 'यूआयडी'. ती दिली नाही तर जोडलेले सर्व कागद प्रमुख वापरकर्त्याच्या मालकीचे दिसतात. शिक्षकास ते वाचता येतात पण नवा कागद ठेवता येत नाही. संगणकावर प्रथम निर्माण केलेल्या वापरकर्त्याचा क्रमांक बहुधा १००० असतो, तोच येथे लिहावा. तिसरी अट 'आयओकॅरसेट' ही 'यूटीएफ८' अशी द्यावी, म्हणजे फाइलींची मराठी नावे प्रश्नचिन्हांत बदलणार नाहीत. नावांबद्दल बोलत आहोत म्हणून सांगतो: फाइलीच्या नावात तारीख लिहिताना तिरकी रेघ वापरू नये. ती लिनक्समध्ये फोल्डर तोडण्याची खूण आहे. १५-०८-२०२५ असे आडव्या रेघेने लिहावे. त्याहून चांगले म्हणजे वर्ष आधी लिहावे, म्हणजे यादी आपोआप कालक्रमाने लागते.

आता 'आपोआप' या शब्दाचा विचार करू. जोडणी संगणक सुरू होतानाच व्हावी असे ठरविले की लगेच प्रश्न येतो: त्या क्षणी जाळे तयार असते काय? तारेने जोडलेल्या यंत्रात बहुधा असते. वायफायवरील यंत्रात पुष्कळदा नसते, कारण वायफायचा शब्द एका वापरकर्त्याच्या नावे जतन केलेला असेल तर तो वापरकर्ता आत आल्याशिवाय जाळेच जुळत नाही. आणि आपल्या भागातील नेहमीचा प्रसंग म्हणजे वीज जाऊन येणे. वीज आली की संगणक आणि पेटी एकदमच उठतात, पण पेटीस जागे होण्यास अनेकदा अधिक वेळ लागतो. संगणक हाक मारतो, पेटी अजून झोपेत असते. मग एक तर संगणक वाट पाहत बसतो आणि प्रवेशाचा पडदा दीड मिनिटापर्यंत दिसतच नाही, किंवा जोडणी न होताच तो पुढे निघून जातो.

वाट पाहणे टाळण्यासाठी 'नोफेल' ही अट आहे. जोडणी झाली नाही तरी अडून बसू नकोस, असा तिचा अर्थ. 'अंडरस्कोर नेटडेव्ह' ही दुसरी अट, ही वस्तू जाळ्यावरची आहे, जाळे आल्यावरच हिच्याकडे वळ, असे सांगते. अनेक मार्गदर्शिका येथेच थांबतात. माझ्या मते थांबण्याची जागा ही नव्हे, उलट खरा धोका येथूनच सुरू होतो.

एका शाळेत घडलेली गोष्ट सांगतो. तेथे दोन शिक्षकांनी मिळून जुन्या रजिस्टरांचे स्कॅनिंग चालविले होते. ओळीत 'नोफेल' ही अट होती, आणि कोणी तरी 'परवानगी नाही' हा संदेश टाळण्यासाठी त्या रिकाम्या फोल्डरावर सर्वांना लिहिण्याची मुभा देऊन ठेवली होती. पावसाळ्यात पेटीची तार सैल झाली. जोडणी होत नव्हती, पण संगणक काहीच बोलत नव्हता. कारण न बोलण्यास आपणच सांगितले होते. शिक्षक रोज त्याच नावाच्या फोल्डरात पाने ठेवीत गेले. ती पाने पेटीत न जाता संगणकाच्या स्वतःच्या डिस्कवर, त्या रिकाम्या फोल्डरात साठत गेली. पंधरवड्याने तार नीट बसली, जोडणी झाली, आणि पंधरा दिवसांची सर्व पाने दिसेनाशी झाली. कोणी पुसली असा संशय आला, शब्दाला शब्द वाढला. वस्तुतः काहीही पुसलेले नव्हते. कलम फांदीवर बांधले की फांदीवर आधीची जी पाने असतील ती त्याखाली झाकली जातात. जोडणी सोडविताच सर्व पाने जागच्या जागी सापडली. परंतु मधल्या काळात ती डिस्क बिघडली असती तर त्या शिक्षकांचे श्रम वाया गेले असते, आणि आपले श्रम सुरक्षित ठिकाणी आहेत असे ते समजून चालले असते.

यावर दोन उपाय करावेत, आणि दोन्ही करावेत. पहिला: रिकामा फोल्डर प्रमुख वापरकर्त्याच्याच मालकीचा राहू द्यावा, इतरांस त्यात लिहिण्याची मुभा देऊ नये. जोडणी असेल तेव्हा 'यूआयडी'मुळे शिक्षकास पेटीत लिहिता येतेच. जोडणी नसेल तेव्हा 'परवानगी नाही' असा संदेश येईल. तो संदेश आपल्या हिताचा आहे, त्याच्यावर रागावू नये. दुसरा: अटींत 'एक्स-सिस्टिमडी, टिंब, ऑटोमाउंट' ही अट घालावी. हिने जोडणीची वेळच बदलते. संगणक सुरू होताना पेटीस हाक मारीत नाही. त्या फोल्डराच्या दाराशी फक्त एक पहारेकरी बसवितो. शिक्षकाने फोल्डर उघडला की पहारेकरी त्या क्षणी जोडणी करतो. तोवर वायफाय जुळलेले असते, पेटीही जागी झालेली असते. पेटी मिळालीच नाही तर पहारेकरी आत जाऊ देत नाही, चूक झाल्याचे सांगतो. रिकाम्या फोल्डरात मुकाट्याने कागद पडण्याचा प्रश्नच उरत नाही. याच घराण्यातील 'आयडल-टाइमआउट' ही अट देऊन, काही वेळ कोणी वापर केला नाही तर जोडणी सोडून द्यावी, असेही सांगता येते. संध्याकाळी पेटी बंद करून जाण्याची जेथे पद्धत आहे तेथे ती उपयोगी पडते.

ओळ लिहून झाल्यावर यंत्रास 'सिस्टिमसीटीएल डेमन-रीलोड' ही आज्ञा द्यावी, म्हणजे ते नवे हजेरीपत्रक वाचते. मग 'फाइंडमाउंट' या आज्ञेस 'व्हेरिफाय' हा शब्द जोडून ओळीतील चुका तपासाव्यात. नुसती 'फाइंडमाउंट' ही आज्ञा त्या क्षणी काय काय जोडलेले आहे याचा वृक्ष दाखविते. शंका आली की प्रथम हीच आज्ञा द्यावी.

पेटी आली म्हणजे सुरक्षितता आली असे मात्र नाही. एका संगणकावरून पुसलेला कागद सर्वांसाठीच पुसला जातो. दोन डिस्कांची पेटी एक डिस्क बिघडल्यास तारून नेते, पण चुकीने पुसलेल्या कागदास, विजेच्या लोळास किंवा चोरीस ती काय करणार? महिन्यातून एकदा सर्व कागदांची प्रत वेगळ्या डिस्कवर काढून ती डिस्क शाळेबाहेर, जबाबदार ठिकाणी ठेवावी. घाटाखालील तालुक्यांत वैशाखात पत्र्याच्या खोलीत पेटी ठेवू नये. भिंतीलगत, हवा खेळेल अशा उंच जागी, इन्व्हर्टरच्या जोडावर ठेवावी. आणि स्कॅन झाले म्हणून मूळ रजिस्टराकडे दुर्लक्ष करण्याचा विचार कोणी मनातही आणू नये. वादाच्या प्रसंगी मागितली जाते ती मूळ वही.

सर्व मांडणी झाली की एक चाचणी अवश्य घ्यावी. संगणक बंद करावा. पेटीची जाळ्याची तार काढावी. संगणक सुरू करून प्रवेशाचा पडदा विनाविलंब येतो की नाही ते पाहावे. मग सामायिक फोल्डरात एक पान जतन करण्याचा प्रयत्न करावा; यंत्राने नकार दिला पाहिजे. पान मुकाट्याने जतन झाले तर मांडणी चुकली, फोल्डराची मालकी पुन्हा तपासावी. नंतर तार जोडावी, पेटी जाळ्यावर येईपर्यंत दोन मिनिटे थांबावे आणि संगणक पुन्हा सुरू न करताच तोच फोल्डर उघडावा. पेटीतील कागद दिसले, नवे पान जतन झाले आणि तेच पान दुसऱ्या संगणकावरूनही उघडले, म्हणजे स्कॅनिंगच्या कामास आरंभ करण्यास हरकत नाही. ही चाचणी मुख्याध्यापकांच्या समक्ष घ्यावी आणि पेटीचा पत्ता, सामायिक फोल्डराचे नाव व चाचणीची तारीख डेडस्टॉक रजिस्टरातील पेटीच्या नोंदीपुढे लिहून ठेवावी. परवलीचा शब्द तेथे लिहू नये, तो बंद पाकिटात मुख्याध्यापकांच्या कपाटात असावा व बदलीच्या वेळी कार्यभारासोबत नव्या मुख्याध्यापकांकडे सोपविला जावा.